कोळशाच्या गावचा जॅक

मुलांनो, फुटबॉलच्या सामन्यात गोल करणाऱ्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी असते. दुसऱ्या दिवशी शाळेतही त्याचीच चर्चा चालते. पण गोल होऊ न देणाऱ्याचे काय? आपल्या गोलापुढे भिंतीसारखा उभा राहणारा, चेंडू दूर पिटाळून लावणारा खेळाडू म्हणजे बचावपटू. त्याने दहा वेळा संघाला वाचवले तरी कोणी बोलत नाही. एकदा चुकला की सगळे बोलतात! आज आपण अशाच एका इंग्रज बचावपटूची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव जॅक चार्लटन.

इंग्लंडच्या उत्तर भागात ॲशिंग्टन नावाचे गाव आहे. आपल्या मॉरिशसमध्ये जसा ऊस, तसा तिथे कोळसा. आपल्याकडे पूर्वी घरातली माणसे पहाटे उसाच्या शेतावर जात, तिथली माणसे जमिनीच्या पोटात, खाणीत उतरत. खाणीत अंधार, ओल आणि कोळशाची धूळ. छत कोसळण्याचे भय तर रोजचेच. अशा गावात, एका खाणकामगाराच्या घरी, ८ मे १९३५ रोजी जॅकचा जन्म झाला.

जॅकची आई सिसी हिला फुटबॉलचे फार वेड. वेड असणारच, कारण तिचे चार भाऊ फुटबॉल खेळूनच पोट भरत होते. म्हणजे जॅकचे चार मामा! त्यांपैकी तिघे तर लीड्सच्या संघात खेळले होते. सिसी आपल्या मुलांना स्वतः चेंडू मारायला शिकवी. जॅकहून दोन वर्षांनी लहान असलेला बॉबी लहानपणापासूनच इतका छान खेळे, की मोठमोठ्या संघांची माणसे त्याच्यासाठी घरी येऊ लागली. जॅक मात्र उंच, काटकुळा, लांब मानेचा. त्याच्यासाठी दारात रांग लागली नाही. त्याला शाळेपेक्षा नदी आवडे. गळ टाकून तो तासन्‌तास मासे पकडत बसे.

पंधराव्या वर्षी जॅकची शाळा संपली. लीड्सच्या संघाने त्याला खेळून दाखवायला बोलावले, पण तो गेला नाही. तो वडिलांसारखा खाणीत कामाला लागला. खाली उतरल्यावर मात्र त्याला कळले, की हे काम किती कठीण आहे! थोड्याच दिवसांत त्याने ते सोडले आणि पोलिसात भरती होण्यासाठी अर्ज केला. तेवढ्यात लीड्सचे बोलावणे पुन्हा आले. गंमत अशी, की पोलिसांची मुलाखत आणि लीड्सचा सामना एकाच दिवशी आला. जॅकने सामना निवडला. त्या दिवशी तो पोलिसांकडे गेला असता, तर हा पाठ तुमच्या पुस्तकात आलाच नसता.

१९५३ साली जॅक लीड्सच्या मुख्य संघातून पहिला सामना खेळला. त्यानंतर वीस वर्षे त्यांनी संघ बदलला नाही. ते लीड्ससाठी सातशेपेक्षा जास्त सामने खेळले. इतके सामने त्या संघासाठी दुसरे कोणीही खेळलेले नाही. सुरुवातीला मात्र ते चटकन रागावत, कोणाचे ऐकत नसत. १९६१ साली डॉन रेव्ही लीड्सचे मॅनेजर झाले आणि हळूहळू जॅकही बदलले.

मॅनेजर म्हणजे काय, ते इथे समजून घेऊ. कोणता खेळाडू खेळणार, तो कोणत्या जागी उभा राहणार, कसा खेळणार, हे सारे मॅनेजर ठरवतो. स्वतः तो मैदानात उतरत नाही. तो रेषेबाहेर बसतो आणि पुष्कळदा ओरडतो. संघ जिंकला तर खेळाडूंचे कौतुक होते, हरला तर मॅनेजरची नोकरी जाते.

धाकटा बॉबी विसाव्या वर्षीच इंग्लंडच्या संघात गेला होता. जॅकना ती संधी मिळाली १९६५ साली, तीस वर्षांचे व्हायला महिनाही उरला नसताना! इंग्लंडचे मॅनेजर अल्फ रॅम्से यांना जॅकनी विचारले, “मला का निवडलेत?” रॅम्से यांचे उत्तर असे होते, की मी नेहमी सर्वांत चांगलेच खेळाडू घेतो असे नाही, माझ्या योजनेत बसणारे खेळाडू घेतो. हे ऐकून एखादा रुसला असता. जॅकनी मात्र ते आयुष्यभर लक्षात ठेवले. पुढे ते मॅनेजर झाले तेव्हा त्यांनी तेच केले.

३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना होता. एका बाजूला इंग्लंड, दुसऱ्या बाजूला पश्चिम जर्मनी. दोघे चार्लटन भाऊ एकाच संघात होते. इंग्लंड २-१ असे पुढे होते. सामना संपायला जेमतेम मिनिट उरले होते. तेवढ्यात जॅकनी चुकीच्या रीतीने अडवले, असे पंचांनी ठरवले आणि जर्मनीला फ्री किक दिली. त्यातूनच गोल झाला! २-२. जॅकच्या मनाची काय अवस्था झाली असेल, विचार करा. पण जादा वेळात इंग्लंडने आणखी दोन गोल केले आणि ४-२ असा सामना जिंकला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा जॅक गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तोंड हातांत लपवले. ते इतके दमले होते, की उभे राहवत नव्हते.

१९७३ साली त्यांनी खेळणे थांबवले आणि ते मिडल्सब्रो संघाचे मॅनेजर झाले. पहिल्याच वर्षी हा संघ दुसऱ्या विभागात पहिला आला. १९७७ साली इंग्लंडच्या मॅनेजरची जागा रिकामी झाली. जॅकनी अर्ज पाठवला. जागा तर मिळाली नाहीच, पण अर्ज पोहोचल्याचे साधे पत्रसुद्धा आले नाही, असे ते पुढे सांगत. पुढे शेफील्ड वेन्सडे आणि न्यूकॅसल या संघांनाही त्यांनी शिकवले.

१९८६ साली त्यांना आयर्लंडने बोलावले. ही गोष्ट साधी नव्हती. आपल्या देशावर जसे इंग्रजांचे राज्य होते, तसे आयर्लंडवरही शेकडो वर्षे होते. तिथल्या संघाला आता एक इंग्रज माणूस शिकवणार! पुष्कळांना हे रुचले नाही. शिवाय आयर्लंड तोवर एकाही मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोहोचला नव्हता.

जॅकनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे खेळाडूंचा शोध. गरिबीमुळे कितीतरी आयरिश कुटुंबे पूर्वी इंग्लंड-स्कॉटलंडला गेली होती. ज्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा आयर्लंडचे, त्याला आयर्लंडकडून खेळता येत असे. जॅकनी अशी मुले हुडकून काढली. आपलेही पूर्वज समुद्र ओलांडून आले, तेव्हा आजीच्या गावाशी असलेले नाते तुम्हांला वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे सोपी योजना. चेंडू उंच आणि लांब मारायचा, समोरच्या बचावपटूंच्या पाठीमागे पडेल असा. ते मागे वळून धावले, की आपल्या खेळाडूंनी त्यांच्या अंगावर धावून जायचे आणि त्यांना चुका करायला लावायच्या. पाहायला हा खेळ फारसा सुंदर नव्हता, हे खरे. टीकाही पुष्कळ झाली. पण जॅक स्वतः बचावपटू होते. पाठीमागे पडणाऱ्या चेंडूची बचावपटूला किती धास्ती वाटते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

१२ जून १९८८ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे युरोपीय स्पर्धेत आयर्लंडने इंग्लंडला १-० असे हरवले! गोल केला रे हॉटन यांनी. त्यांचा जन्म स्कॉटलंडमधला, वडील आयर्लंडचे.

१९९० साली आयर्लंड प्रथमच विश्वचषकात खेळला. चार सामने बरोबरीत सुटले. चौथ्या सामन्यात, रुमानियाविरुद्ध, पेनल्टीवर निकाल लावायचा होता. गोलरक्षक पॅकी बॉनर यांनी रुमानियाची पाचवी पेनल्टी अडवली. मग डेव्हिड ओ’लिअरी पुढे आले. तेही बचावपटूच. त्यांनी शांतपणे चेंडू जाळ्यात मारला. आयर्लंड शेवटच्या आठ संघांत पोहोचला. पुढे रोममध्ये इटलीने त्यांना १-० असे हरवले, तरी संघ परतला तेव्हा डब्लिनच्या रस्त्यांवर लाखो लोक जमले होते. १९९४ च्या विश्वचषकात मात्र अमेरिकेत याच इटलीला आयर्लंडने १-० ने नमवले. गोल पुन्हा हॉटन यांचाच!

१९९५ च्या डिसेंबरात नेदरलँड्सकडून हरल्यावर जॅकनी काम सोडले. १९९६ साली आयर्लंडने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले. आयर्लंडमध्ये जेवणाचे बिल त्यांनी चेकने दिले, तर मालक तो चेक बँकेत नेतच नसत, जॅकची सही म्हणून काचेत लावून ठेवत, असे सांगतात.

म्हातारपणी जॅकची स्मृती हरपली. त्यांच्याबरोबरच्या काही खेळाडूंना आणि पुढे बॉबींनाही हाच त्रास झाला. वर्षानुवर्षे डोक्याने चेंडू मारल्यामुळे मेंदूला इजा होते का, याचा अभ्यास डॉक्टर करत आहेत. इंग्लंडमध्ये २०२४ सालापासून लहान मुलांच्या सामन्यांतून डोक्याने चेंडू मारणे टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली. तुम्हीही खेळताना चेंडू पायानेच मारा.

१० जुलै २०२० रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, जॅक चार्लटन वारले. आयर्लंडमधील कॉर्कच्या विमानतळावर त्यांचा पुतळा आहे. तिथे जॅक मासे पकडायला बसले आहेत.