मायेचे बंधन

मुले नोकरीनिमित्त परगावी वा परदेशी, घरी ऐंशी ओलांडलेल्या आजी आणि त्यांच्या दिमतीला ब्युरोमार्फत आलेली बारा तासांची मावशी, हे दृश्य पुण्यामुंबईच्या सदनिकांत आता नवे राहिलेले नाही. मावशी कष्टाळू असते. पाण्याचा पेला हातात देते, केस विंचरते. आजी उठू लागल्या की, ‘‘तुम्ही बसा, मी आणते,’’ म्हणून त्यांना थांबवते. आजी पडता कामा नयेत, एवढीच तिला ताकीद असते. परंतु न वापरलेले स्नायू क्षीण होतात, पाय दुबळे झाले की तोल सुटतो. आणि ज्या पडण्याच्या भयाने हालचाल थांबवली, तेच ओढवते.

म्हातारपणी शरीर पुन्हा बळ धरत नाही, हा समज केव्हाच खोटा ठरला आहे. बॉस्टनमधील एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या घरातील दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करवून घेण्यात आला. त्यांच्यापैकी तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या स्नायूंचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले. न्यूझीलंडमध्ये ऐंशी वर्षांवरील २३३ स्त्रियांपैकी निम्म्यांना घरी जाऊन व्यायाम शिकवले गेले. वर्षभरात त्यांच्या गटात पडण्याचे ८८ प्रसंग घडले, तर दुसऱ्या गटात १५२. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली वृद्धांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम करावेत, असे सांगितले.

याला यंत्रसामग्री लागत नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, तुळशीला स्वतः पाणी घालणे, मटार सोलणे, एवढ्यापासून प्रारंभ करता येतो. हृदयविकार वा सांधेदुखी असल्यास अर्थातच वैद्यांचा सल्ला आधी घ्यावा.

खरी अडचण निराळीच आहे. आजी पडल्या तर दोष मावशीच्या माथी येतो. त्या चालू लागल्या तर श्रेय तिला कोणी देत नाही. अशा स्थितीत तिने धोका का पत्करावा? म्हणून ब्युरोंनी तिला प्रशिक्षण द्यावे, कुटुंबाने रोजच्या चालण्याला कामाच्या यादीत स्थान द्यावे आणि जोखमीत आपला वाटा उचलावा.

सेवेचे मोल सेविकेने किती कामे केली यावर ठरू नये. वृद्धाच्या हाती किती कामे उरली, यावर ते ठरावे.