बेण्याचे औषध आणि आईचे दूध



लागणीचा हंगाम आला की बेणेप्रक्रियेची गडबड सुरू होते. टिपरी औषधाच्या पाण्यात बुडवायची, निथळायची आणि सरीत टाकायची, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. पण उरलेल्या बेण्याचे आणि औषधाचे काय करायचे, तिकडे दुर्लक्ष होते. म्हणून इराक देशातील एक हकीकत येथे देत आहोत.

१९७१ साली इराकने परदेशातून गव्हाचे व सातूचे बियाणे मागविले. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथिल पारा हे औषध चोळून लाल रंग दिला होता. पोत्यांवर धोक्याची सूचना होती, पण ती स्पॅनिश व इंग्रजीत. शेतकऱ्यांना ती वाचता येईना. बियाणे गावोगाव पोचले तोवर बऱ्याच पेरण्या उरकल्या होत्या. मग लोकांनी ते दळून रोट्या केल्या. धुतले की रंग जाई, पारा जात नसे. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिले; चार दिवसांत काहीच झाले नाही. हे विष कित्येक आठवड्यांनी डोके वर काढते. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, दृष्टी मंद होणे अशी लक्षणे दिसू लागली. ६,५३० माणसे इस्पितळात दाखल झाली, त्यांतली ४५९ दगावली.

आता मुख्य मुद्दा. ज्या तान्ह्या बाळांनी रोटीचा तुकडाही खाल्ला नव्हता, त्यांच्याही रक्तात पारा सापडला. तो आईच्या दुधातून आला होता. आईच्या रक्तात जेवढा पारा, त्याच्या साधारण ५ टक्के दुधात उतरतो. हे थोडे वाटेल. पण बाळाचे सारे अन्न म्हणजे दूधच, त्याचा मेंदू वाढीला लागलेला, आणि आईच्या अंगातला निम्मा पारा बाहेर पडायलाच दीड-दोन महिने लागतात. पोटातल्या गर्भाला तर वारेतून याहून जास्त पारा मिळतो.

शिशाची तऱ्हा वेगळी. ते हाडात वर्षानुवर्षे दडून बसते. दूध तयार होताना अंगावरचे कॅल्शियम हाडातून सुटते, त्याबरोबर शिसेही सुटते. फुटकी बॅटरी किंवा रंगाचा जुना डबा चाटणाऱ्या गाईच्या बाबतीत हेच घडते. ते दूध वासराच्या पोटात जाते आणि आपल्या घरातही येते.

आपल्याकडेही उसाच्या बेण्याला पाऱ्याचे औषध वर्षानुवर्षे लावले जाई. इराकमधल्या औषधाचे ते जातभाई. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली. तरीही एखाद्या माळ्यावर जुना डबा पडलेला असू शकतो. यास्तव आमची विनंती:

१) औषध लावलेले बेणे उरले तरी गाई-म्हशींपुढे टाकू नये, त्याचा रसही काढू नये.
२) जुना डबा सापडल्यास विहिरीत, ओढ्यात ओतू नये, पुरूही नये. कुलुपात ठेवून गट कचेरीत कळवावे.
३) औषधाच्या बादल्या धारेसाठी वा पाण्यासाठी वापरू नयेत.
४) गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांना बेणेप्रक्रियेच्या कामावर लावू नये.

हे वाचून कोणी बाळाचे दूध तोडू नये. आईच्या दुधासारखे दुसरे अन्न नाही. ते निर्मळ राहावे म्हणून गोठ्यात आणि शेतात काळजी घ्यायची, ती आपण सर्वांनी.