मधुमेह आणि शेतकऱ्यांतील कांहीं गैरसमज

पालघर, बोईसर व तारापूर या भागांतील शेतकरी बांधवांत मधुमेहाविषयीं जे समज रूढ आहेत, त्यांपैकीं बरेच निराधार असून कांहीं तर जिवावर बेतणारे आहेत. सबब त्यांचा येथें थोडक्यांत परामर्श घेण्याचें योजिलें आहे.

पहिला समज असा कीं, हा रोग शहरांतील स्थूल व बैठ्या माणसांचा. शेतांत राबणाऱ्या सडपातळ माणसास तो होत नाहीं. वस्तुतः चरकसंहितेंतही स्थूल आणि कृश अशा दोन्ही प्रकारचे प्रमेही सांगितले आहेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत जें संशोधन केलें, त्यांत असें आढळलें कीं, तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील ३.५ किलोच्या तुलनेनें अवघें २.७ किलो होतें. परंतु त्यांचे स्नायू जितके कमी, तितकी चरबी कमी नव्हती. अर्थात् अंग बारीक दिसलें तरी पोटाच्या आंत चरबी असूं शकते. म्हणून केवळ वजन न पाहतां कमरेचा घेरही मोजावा. तो पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपलीकडे गेल्यास सावध व्हावें.

शिवाय आपले पूर्वीचे श्रम तरी कोठें राहिले? तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें, पुढें बोईसरास औद्योगिक वसाहत वसली, आणि घरोघरचीं तरुण मुलें पाळीच्या कामावर जाऊं लागलीं. नांगराच्या जागीं पॉवर टिलर आला. श्रम घटले, ताटांतील भाताचा ढीग मात्र तसाच राहिला.

दुसरा समज असा कीं, साखर तेवढी वाईट. गूळ, नीरा व घोलवडचा चिकू निर्दोष. परंतु रक्तांत गेल्यावर गुळाची व नीरेची साखर ही साखरच होय. भातही शेवटीं तिचेंच रूप घेतो. भात अजिबात वर्ज्य करण्याचें कारण नाहीं. तो मोजून घ्यावा आणि जोडीस डाळ, भाजी, मासळी वाढवावी. चिकूही डॉक्टरांस विचारून बेतानें खावा.

तिसरा समज असा कीं, इन्शुलिन ही शेवटची पायरी; एकदां लागलें कीं सुटत नाहीं. टोरांटो येथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट यांनीं त्याचा शोध लावला, आणि जानेवारी १९२२ मध्यें चौदा वर्षांच्या एका मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशा मुलांचा मृत्यु ठरलेलाच असे. इन्शुलिन हें व्यसन नव्हे. शरीरांत जें कमी पडतें, त्याची ती भरपाई होय. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांचें चूर्ण त्याची जागा घेऊं शकत नाहीं. तसेंच साखर उतरली म्हणून आपल्याच मतानें गोळ्या बंद करणें हेंही चूक. बहुधा ती गोळ्यांमुळेंच उतरलेली असते. मात्र इन्शुलिन घेऊन उपाशीं शेतावर जाऊं नये. घाम, कंप वा भोंवळ आल्यास लगेच साखर खावी. यासाठीं तिची पुडी नेहमीं जवळ बाळगावी.

आपणांस सर्वांत मोठें भय पायांचें आहे. रोग जुना झाल्यावर पायांची संवेदना मंदावते. मग राब भाजतांना पाय पोळला किंवा चिखलणींत कांटा रुतला तरी कळत नाहीं. जखम चिघळते व प्रसंगीं पाय कापावा लागतो. म्हणून मधुमेही माणसानें शेतांत अनवाणी उतरूं नये, गमबूट घालावे, आणि रोज रात्रीं तळवे स्वतः पाहावे किंवा घरच्यांस दाखवावे. जखमेस चुना-हळद लावून वाट पाहत बसूं नये.

तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांत केली जाते. उपाशीपोटीं रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक आल्यास डॉक्टरांकडून निदान पक्कें करून घ्यावें. हा रोग आरंभीं वेदना देत नाहीं. तेव्हां लक्षणांची वाट न पाहतां, पेरणीपूर्वीं उन्हाळ्याच्या सवडींत, घरांतील सर्व मोठ्या माणसांचें रक्त एकदां तपासून घ्यावें.