हौशी दुर्बीण आणि काळोखाचा दुष्काळ

शास्त्रीय संशोधन म्हणजे प्रचंड यंत्रसामग्री, सरकारी अनुदान आणि तज्ज्ञांचा ताफा, असा समज सुशिक्षित समाजात आता दृढ झाला आहे. बहुतेक शास्त्रांपुरता तो खराही आहे. परंतु खगोलशास्त्राच्या एका दालनात हौशी माणसाला आजही मानाचे पान मिळते. हे दालन म्हणजे अतिमंद दीर्घिकांचे छायाचित्रण.

ही परंपरा जुनी आहे. देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तिचा सर्पिल आकार स्पष्ट दाखविणारे छायाचित्र आयझॅक रॉबर्ट्स यांनी लिव्हरपूलजवळून १८८८ च्या डिसेंबरात घेतले. हे गृहस्थ व्यवसायाने इमारती बांधणारे कंत्राटदार. २० इंची आरशाची दुर्बीण त्यांनी स्वतःच्या पैशाने उभारली होती. एखादी सूर्यमाला जन्माला येत असताना छायाचित्रात सापडली, असा कयास तेव्हा बांधला गेला. ती लक्षावधी प्रकाशवर्षे दूर असलेली स्वतंत्र दीर्घिका आहे, हे एडविन हबल यांच्या १९२३ पासूनच्या निरीक्षणांनी ठरले. कयास मागे पडला. छायाचित्राचे मोल मात्र कमी झाले नाही.

आजचे हौशी छायाचित्रकार याच वाटेने चालले आहेत. इटलीतील जुझेप्पे दोनातिएल्लो यांनी पोलिनो राष्ट्रीय उद्यानातून अवघ्या १२७ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने देवयानीच्या परिसराची छायाचित्रे घेतली होती. २०१६ मध्ये ती पुन्हा न्याहाळताना त्यांना एक पुसट डाग आढळला. मोठ्या दुर्बिणींनी पडताळणी केल्यावर ती एक खुजी दीर्घिका ठरली आणि शोधकाचेच नाव तिला मिळाले. पुढे २०२२ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतील हौशी मंडळींनी देवयानीच्या शेजारी प्राणवायूच्या प्रकाशाने उजळलेली एक विस्तीर्ण कमान टिपली. शतकभर जगभरच्या दुर्बिणी ज्या दिशेला रोखल्या गेल्या, तेथेच ही कमान नजरेतून सुटली होती.

मोठ्या वेधशाळांना जे दिसले नाही ते लहान दुर्बिणीला कसे दिसले? थोरल्या दुर्बिणीचा वेळ तासातासाने वाटला जातो आणि बहुधा तिच्या नजरेच्या टापूत आकाशाचा लहानसा तुकडाच मावतो. हौशी माणसाची दुर्बीण विस्तीर्ण क्षेत्र पाहते, आणि तिचा मालक एकाच लक्ष्यावर रात्रीमागून रात्री खर्च करू शकतो. शेकडो छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करावयाची, म्हणजे खरा प्रकाश साचत जातो आणि त्यामानाने आगंतुक खळबळ मागे पडते. मात्र हा हिशेब कठोर आहे. चित्राची प्रत दुप्पट सुधारावयाची तर वेळ चौपट द्यावा लागतो.

आणि येथेच या हौसेचा खरा शत्रू समोर येतो. दीर्घिकांभोवतीचे अतिमंद प्रवाह निर्मळ, काळ्या आकाशाच्या स्वाभाविक उजेडापेक्षाही सुमारे अडीचशे पट फिके असतात. शहराचे आकाश त्या निर्मळ आकाशाहून चाळीस पट उजळ असेल, तर रानात एका तासात जे साधते त्यासाठी शहरात चाळीस तास खर्ची पडतात. भारी कॅमेरा घेता येईल, दुर्बीण कर्ज काढून आणता येईल. काळोख मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

तो झपाट्याने आटतो आहे. नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात नोंदविलेल्या निरीक्षणांवर आधारलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही निरीक्षणे मुख्यत्वे युरोप-अमेरिकेतील होती. त्यानुसार रात्रीच्या आकाशाचा उजेड दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढला. म्हणजे आठ वर्षांच्या आत तो दुपटीवर गेला.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईत खगोल मंडळ १९८५ पासून सामान्यांना आकाशाची ओळख करून देत आले आहे. परंतु शहरे जसजशी पसरतात तसतसे आकाशप्रेमींना तारे शोधण्यासाठी अधिकाधिक दूर जावे लागते. या अंधाऱ्या प्रश्नावर उपाय आहे, हे नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाने दाखवून दिले. तेथील काही गावांत खाली तोंड असलेले दिवे बसविण्यात आले आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

यासाठी गावे अंधारात ठेवावी लागली नाहीत, हे विशेष. रस्त्यावरचा दिवा रस्त्यासाठी असतो. त्याचा जो उजेड आकाशात जातो तो कोणाही वाटसरूच्या कामी येत नाही, विजेचे बिल मात्र वाढवितो. दिव्यांना टोपण घालणे आणि जाहिरातींचे झोत मध्यरात्रीनंतर मालवणे, एवढे कोणत्याही नगरपालिकेला परवडण्यासारखे आहे. मुलांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून प्रदर्शने भरविणाऱ्या शासनाने या साध्या नियमाचाही विचार करावा. देवयानीचा प्रकाश पंचवीस लक्ष वर्षांचा प्रवास करून आपल्या अंगणापर्यंत पोहोचतो. अखेरच्या क्षणी कोपऱ्यावरच्या दिव्याने तो झाकला जावा, यात दोष देवयानीचा नाही.