नौदलातून निवृत्त होताना घरात हवेत हे कागद

लोणावळ्याचे 'आय.एन.एस. शिवाजी' 1945 सालापासून नौदलाला इंजिनाचे जाणते कारागीर देत आले आहे. पंधरा वर्षे नोकरी झाली की नौसैनिकाला पेन्शन लागू होते. पण तेव्हा यजमान पस्तिशी-चाळिशीचे, मुले शाळेत! दुसरी नोकरी पाहावीच लागते.

पुष्कळ घरांत समजूत असते, "इतकी वर्षं सरकारनं विश्वास टाकला, आता कोण चौकशी करणार?" पण तो विश्वास त्या नोकरीपुरताच असतो. निवृत्त होताना सेवेतले ओळखपत्र परत द्यावे लागते. पुढे देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीसारख्या ठिकाणी लागायचे, तर पडताळणी नव्याने होते. ती अडली की नेमणूक लांबते, आणि झळ घरखर्चाला लागते.

म्हणून निवृत्तीला वर्ष असतानाच गृहिणीने एक फाईल करावी.

पहिल्या पानावर पत्ते लिहा. सरकारी पडताळणीच्या फॉर्मात, मागच्या पाच वर्षांत वर्षाहून अधिक काळ कुठेकुठे राहिलात, हे विचारतात. विशाखापट्टणमचे क्वार्टर कधी सोडले, कोचीला कधी गेलो, हे यजमानांना आठवेलच असे नाही. पण धाकटी कुठल्या घरात चालायला लागली, हे तुम्ही विसरत नाही!

चारित्र्याच्या दाखल्यासाठी लोणावळेकरांची कचेरी पुणे ग्रामीण पोलिसांची. तळेगाव-देहूरोडला घर घेतलेत, तर 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाची.

सेवामुक्तीचे कागद आणि कामाच्या प्रशिक्षणाचे दाखले यांच्या प्रती काढून ठेवा. माजी सैनिकाचे ओळखपत्र पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घ्यावे. केंद्र सरकारच्या 'क' वर्गाच्या जागांसाठी वयातून सेवेची वर्षे वजा होतात. सदतीस वर्षांच्या माणसाची सतरा वर्षे सेवा झाली असेल, तर वय वीस धरतात. वर आणखी 3 वर्षांची सूट असते. ती सेवा सिद्ध होते कागदांवरच.

अर्जात कामाचा अनुभव जरूर लिहावा, जहाजावरची गुप्त माहिती नको. 1923 चा गोपनीयतेचा कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो.

आणि तुमचे स्वतःचे नाव? माहेरचे शाळेच्या दाखल्यावर, सासरचे रेशनकार्डावर, आणि नौदलाच्या नोंदीत तिसरेच, असे आपल्याकडे सर्रास होते. उद्या कुटुंब-पेन्शनची वेळ आली तर हीच गोष्ट आडवी येते. यजमान नोकरीत आहेत तोवर त्यांच्या कचेरीतून ही दुरुस्ती करून घ्या. नंतर पत्रव्यवहारात महिने जातात.