विश्लेषण : जर्मनीतल्या पहिल्या कागद गिरणीत कामगारांना शपथ का घ्यावी लागली?

कागद तयार करण्याची कृती फुटू नये म्हणून कामगारांकडून शपथा घेतल्या गेल्या आणि शब्द न पाळणाऱ्यांना मनोऱ्यात कोंडण्यात आले. ही गोष्ट आहे सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या न्यूरेम्बर्गमधल्या एका पाणचक्कीची.

ही गिरणी कुणाची?

उल्मान श्ट्रोमर हा न्यूरेम्बर्गचा बडा व्यापारी आणि नगरपरिषदेचा सदस्य. त्याच्या पेढीचे व्यवहार इटलीपर्यंत पसरले होते. त्या काळी जर्मन प्रदेशात लागणारा कागद बाहेरून, मुख्यतः इटलीतून येई. तो आपल्याच गावात का बनवू नये, असा विचार श्ट्रोमरने केला. शहराच्या तटाबाहेर, पेग्निट्झ नदीकाठी ग्लाइसम्यूल नावाची पाणचक्की होती. १३९० साली तिथे त्याने कागदाचे काम सुरू केले. जर्मनीतली ही पहिली ज्ञात कागद गिरणी.

पाण्यावर कागद कसा तयार होई?

कच्चा माल म्हणजे लिननच्या कापडाच्या जुन्या चिंध्या. त्या निवडून, भिजवून, कुजवून घेत. नदीच्या प्रवाहाने पाणचाक फिरे. चाकाच्या आसाला बसवलेल्या खुंट्या जड लाकडी मुसळे उचलत आणि सोडत. श्ट्रोमरच्या गिरणीत दोन चाके आणि १८ मुसळे होती. कांडून कांडून चिंध्यांचा लगदा होई. पुढचे काम मात्र हातांचे. तारेच्या जाळीची चौकट लगद्याच्या पाण्यात बुडवून पातळ थर उचलायचा, तो लोकरी कापडावर उलटायचा, दाबायचा आणि वाळवायचा. शाई फुटू नये म्हणून वाळलेला कागद जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसात बुडवत. ही पद्धत इटलीतल्या फाब्रियानोच्या कारागिरांनी विकसित केली होती.

मग वाद कशावरून पेटला?

चाक कुणीही सुतार बसवू शकत होता, पण लगदा कधी तयार झाला आणि थर किती जाड उचलायचा, हे फक्त कारागिराचा हात जाणत होता. त्यामुळे श्ट्रोमरने फ्रान्सिस्कस, त्याचा भाऊ मार्कस आणि मदतनीस बार्थोलोमेउस या इटालियनांना आणले. आल्प्सच्या अलीकडे, म्हणजे जर्मन मुलखात, श्ट्रोमर आणि त्याच्या वारसांखेरीज कुणासाठीही कागद करणार नाही आणि कुणाला शिकवणार नाही, अशी शपथ त्यांच्याकडून घेतली. स्थानिक कामगारांनाही अशाच शपथा घ्याव्या लागल्या.

इटालियनांना आपली किंमत ठाऊक होती. त्यांनी तिसरे चाक बसवण्यात अडथळे आणले आणि वर्षाला २०० गुल्डन घेऊन गिरणी आम्हालाच चालवायला द्या, अशी मागणी केली. १३९१ साली श्ट्रोमरने त्यांना मनोऱ्यात कोंडले. अखेर ते नमले आणि त्यांनी नव्याने शपथ घेतली.

हे सगळे कळले कसे?

श्ट्रोमरने स्वतःच्या घराण्याविषयी आणि व्यवहारांविषयी एक वही लिहून ठेवली होती. त्यामुळे ही हकिगत आपल्यापर्यंत पोहोचली, पण ती मालकाच्या बाजूची. त्या कारागिरांना काय वाटले, त्यांची तक्रार नेमकी काय होती, हे त्यांच्या शब्दांत कुठेही वाचायला मिळत नाही.

गुपित टिकले का?

नाही. १३९४ मध्ये श्ट्रोमरने गिरणी यॉर्ग टिर्मान या आपल्याच कामगाराला भाड्याने दिली. १४०७ मध्ये श्ट्रोमरचा मृत्यू झाला. पंधराव्या शतकात जर्मनभाषक प्रदेशात आणखी कागद गिरण्या उभ्या राहिल्या. शतकाच्या मध्यावर माइन्झमध्ये गुटेनबर्गची छपाई सुरू झाली आणि कागदाची भूक वाढतच गेली.

१४९३ मध्ये न्यूरेम्बर्गमध्येच हार्टमान शेडेलचा सचित्र इतिहासग्रंथ छापला गेला. त्यातल्या शहराच्या चित्रात उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, तटाबाहेर, ही गिरणी दिसते. आज नोकरीच्या करारात ‘प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही’ असे कलम असते. त्यामागची मालकाची भीती पेग्निट्झकाठच्या त्या शपथांइतकीच जुनी आहे.