शेवटच्या दिवशी सर्व्हर का अडखळतो? उत्तर व्यापाऱ्याच्या वहीत आहे!

३१ जुलै २०२३. खरीप पीकविमा भरायचा शेवटचा दिवस. राज्यात पहिल्यांदाच १ रुपयात विमा मिळत होता. अमरावती-अकोल्यातल्या कपाशी, सोयाबीन, तूर पेरणाऱ्यांसाठीही तीच तारीख. राज्यभरातून सर्व्हरच्या तक्रारी आल्या आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली.

अशा गर्दीत साइट अडखळण्याची कारणं बरीच असतात. कमी सर्व्हर, तोकडं नेटवर्क, वगैरे. पण एका कारणाबद्दल फारसं बोललं जात नाही. पाच मिनिटं फॉर्म झरझर जातात, मग सगळं अडकतं, मग पुन्हा सुरळीत. असं होत असेल, तर डेटाबेसची डिस्क तपासायला हवी.

रोजकीर्द आणि खतावणी

अडत्याच्या दुकानात व्यवहार झाला की नोंद आधी रोजकीर्दीत होते. ज्याच्या-त्याच्या खात्यावर ती नंतर चढते, ती खतावणी.

डेटाबेसही असंच वागतो. पोस्टग्रेस हा मोफत डेटाबेस घ्या. तुम्ही ‘सबमिट’ दाबलं की नोंद आधी डिस्कवरच्या लॉगमध्ये जाते. ही झाली रोजकीर्द. मुख्य फायलींतला बदल तोवर मेमरीतच असतो. मध्येच वीज गेली, तरी लॉग वाचून सगळं परत उभं करता येतं.

साचलेले बदल ठरावीक वेळाने मुख्य फायलींत उतरतात. याला म्हणतात चेकपॉइंट.

मग घोळ कुठे होतो?

मूळ सेटिंगनुसार चेकपॉइंट दर ५ मिनिटांनी किंवा लॉग साधारण १ जीबीकडे जाऊ लागला की होतो. गर्दीत लॉग भराभर भरतो, म्हणून चेकपॉइंटही एकामागून एक लागतात. त्यात प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की ते ८ केबीचं अख्खं पान लॉगमध्ये लिहिलं जातं. लॉग आणखी फुगतो. डिस्क खतावणीत गुंतते आणि नवे फॉर्म ताटकळतात.

उपाय काय?

• लॉगची मर्यादा वाढवा, म्हणजे चेकपॉइंट कमी वेळा होतील.

• लिखाण पसरवा. ‘चेकपॉइंट कम्प्लिशन टार्गेट’ ०.९ ठेवलं, तर दोन चेकपॉइंटमधल्या ९० टक्के वेळात काम हळूहळू उरकतं. २०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून हेच मूळ सेटिंग आहे, त्याआधी ०.५ होतं.

• लिनक्सही स्वतःकडे लिखाण साचवतं. त्याची मर्यादा कमी केली की ते लवकर आणि थोडं-थोडं लिहायला लागतं.

याची किंमतही आहे. चेकपॉइंट लांबले, तर सर्व्हर बंद पडल्यावर लॉग वाचून सावरायला जास्त वेळ लागतो. आणि डिस्कच मुळात तोकडी असेल, तर सेटिंग बदलून ती मोठी होत नाही.

चेकपॉइंट फार लवकर-लवकर होत असतील, तर पोस्टग्रेस तशी सूचना स्वतःच नोंदवून ठेवतो. ती जूनमध्येच वाचली, तर जुलैअखेर केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा दिवस वाया जाणार नाही. ऐन निंदणाच्या दिवसांत तो त्याला परवडतही नाही.